बीम प्रोफाइलर: जळगावचा उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

मे महिन्यात माझ्या बीम प्रोफाइलरच्या (लेझर किरणाचा आकार आणि व्यास मोजणारा कॅमेरा) सर्व्हिसवाल्याने फोनवरच निकाल दिला, 'सेन्सर गेलाय, नवा टाकावा लागेल.' खर्चाचा आकडा ऐकून डोकं सणकलं. सेन्सर ठणठणीत होता, आजही तोच चालतोय.

सराफांकडच्या आणि हॉलमार्किंग केंद्रांतल्या फायबर लेझर मार्किंग मशीन दुरुस्त करणं हा माझा धंदा. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या सोन्याच्या दागिन्यावर अक्षरं-आकडे मिळून सहा खुणांचा एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) सक्तीचा झाला. इतकी बारीक अक्षरं फाटली की केंद्रवाला विचारतो, 'काय भो, लेझर गेलं का लेन्स?' त्याचं उत्तर मिळावं म्हणून हा प्रोफाइलर घेतला.

हिवाळ्यात आकडे एकदम स्थिर. उन्हाळ्यात दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये त्याच बीमचा व्यास वाढायला लागला आणि दर फ्रेमला वरखाली व्हायला लागला. स्क्रीनच्या कोपऱ्यांत निळे ठिपके वळवळताना दिसत होते. डी-फोर-सिग्मा या व्यास काढायच्या पद्धतीत प्रत्येक पिक्सेलचं वजन केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतं, त्यामुळे कोपऱ्यातली किरकोळ धूसरसुद्धा व्यास फुगवते. सेन्सर तापला की ही धूसर वाढते, आणि सकाळी घेतलेली बॅकग्राउंड (किरण नसतानाची फ्रेम, जी मापातून वजा होते) दुपारी निरुपयोगी ठरते. ती पुन्हा घ्या अशी साधी सूचनाही सॉफ्टवेअर देत नाही.

माझा खरा राग आहे तो एका टिकमार्कवर. बॅकग्राउंड वजा केल्यावर शून्याखाली गेलेले पिक्सेल शून्य करायचे, ही टिक कंपनीकडूनच लावून येते. नॉइज शून्याच्या वरही असतो, खालीही, आणि दोन्ही बाजू एकमेकींना खातात. खालची बाजू कापली की वरचीच उरते आणि व्यास खोटा मोठा दिसतो. चित्र स्वच्छ दिसावं म्हणून माप बिघडवलंय! मापाच्या यंत्रात हे चालवून घेऊ नये. मॅन्युअलमध्ये यावर एक ओळ नाही, सर्व्हिसवाल्यालाही माहीत नव्हतं.

ती टिक काढली, दुपारी बॅकग्राउंड नव्याने घेतली, आणि आयएसओ १११४६ या किरणाचा व्यास मोजायच्या मानकाप्रमाणे अ‍ॅपर्चर (माप घ्यायची चौकट) बीमच्या व्यासाच्या तिप्पट ठेवलं. आकडा जागेवर आला. एक तारा देणार होतो, तो विचार तिथेच सोडला. पुढे एका मशीनचा डाग लंबगोल निघाला, तर कॉलिमेटरची (किरण समांतर करणारा भाग) लेन्स हललेली होती. सराफाचा नव्या लेझर सोर्सचा खर्च वाचला. त्या दिवशी मात्र यंत्रावर जीव जडला.

एक्स्पोजर (सेन्सर उजेड घेतो तो वेळ) कमी ठेवा, उजेड कमी पडला तर उजेड घटवणारा एक एनडी फिल्टर काढा. पण फार कमीही नको: लेझर २० किलोहर्ट्झला असेल तर १ मिलिसेकंदात २० पल्स येतात, त्याखाली चित्र लुकलुकतं. चित्रातला सगळ्यात उजळ बिंदू सेन्सरच्या कमाल पातळीच्या ८०-९० टक्क्यांवर असू द्या, सॅच्युरेट झालं की माप फुकट. २० वॅट थेट फिल्टरवर सोडू नका, आधी वेजने (किरणाचा थोडाच भाग परावर्तित करणारी तिरकी काच) कमी करा. १०६४ नॅनोमीटर डोळ्याला दिसत नाही, लेझरचा सुरक्षा चष्मा लावाच.

सेन्सर गेलाय असं कुणी म्हटलं तर झाकण लावून फ्रेम बघा. सगळीकडे सारखी धूसर असेल आणि ठळक रेघा नसतील, तर पैसे देऊ नका. माझ्याकडून चार तारे. पाचवा त्या टिकमार्कने घालवला.