नऊ महिने खुंटीला टांगलेला हात : प्लास्टिकच्या बोन मॉडेलचा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये हे मॉडेल मागवलं. बीएएमएसचं, म्हणजे आयुर्वेदाच्या पदवीचं पहिलं वर्ष, रचना शारीर (ॲनाटॉमी) डोक्यावर, आणि सीनियरकडून आलेला खऱ्या हाडांचा बोन सेट आम्हा सहा जणींत मिळून एक. रात्री जिच्या खोलीत तो गेला, तिथून सकाळीच बाहेर यायचा. शेवटी कंटाळून 3200 रुपये मोजले आणि खांद्यापासून बोटांपर्यंतचा एक उजवा हात घेतला. पीव्हीसीचा, माणसाच्या मापाचा, तारेने आणि स्क्रूने जोडलेला. एप्रिल संपत आलाय, अजून रोज हाताळते, म्हणून आता लिहायला बसले.

खोकं उघडल्यावर आधी मोजून घेतलं. अक्षक म्हणजे क्लॅव्हिकल (गळ्याखालचं आडवं हाड), अंसफलक म्हणजे स्कॅप्युला (खांद्यामागचं चपटं हाड), दंडाची प्रगंडास्थी (आम्ही सगळे ह्युमरसच म्हणतो), मग कोपर ते मनगट रेडिअस (अंगठ्याकडची) आणि अल्ना (करंगळीकडची) ही जोडी, मनगटाची 8, तळहाताची 5, बोटांची 14. एकूण 32, एकही कमी नाही. वास मात्र पंधरा दिवस गेला नाही. रूममेटने हात खिडकीबाहेर टांगायला लावला, आणि कपडे वाळत घालायला आलेल्या शेजारच्या काकू एकदा चांगल्याच दचकल्या.

आधी जे आवडलं ते सांगते. पुस्तकातल्या चित्रात रेडिअस आणि अल्ना शेजारीशेजारी शांत उभ्या असतात. तळहात पालथा करताना आत नेमकं काय होतं ते चित्रावरून मला कधीच कळलं नव्हतं. मॉडेल आलं तेव्हा तिथला स्क्रू इतका घट्ट होता की हात फिरेचना. हॉस्टेलच्या इलेक्ट्रिशियन काकांकडून स्क्रू ड्रायव्हर आणून अर्धा फेरा सैल केला आणि मग खेळ दिसला. अल्ना जवळजवळ जागची हलत नाही. रेडिअसचं वरचं टोक बांगडीत मनगट फिरावं तसं आपल्याच जागी फिरतं, आणि खालचं टोक अल्नाला ओलांडून पलीकडे जातं. दोन्ही हाडांची फुली होते. कुलपात किल्ली फिरवताना, पळीतली आमटी ताटात ओतताना आपण दिवसभर हेच करत असतो. त्या रात्री मी तो हात वीसेक वेळा तरी उलटासुलटा केला असेल. तेवढ्यासाठीही पैसे वसूल झाले असं मी म्हणेन.

आता रड. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, पहिला प्रश्न ठरलेला असतो : हाड कोणत्या बाजूचं? हातात हाड द्यायचं, डावं की उजवं ते सांगायचं आणि का तेही सांगायचं. इथे हे मॉडेल साफ उघडं पडतं. एक तर सगळं जोडलेलं, त्यामुळे बाजू ओळखायची वेळच येत नाही. दुसरं, साच्यातून निघताना बारीक खुणा बुजून गेल्यात. क्लॅव्हिकलच्या खालच्या अंगाची पन्हळ हाताला लागत नाही. ह्युमरसच्या मागून तिरका उतरणारा रेडिअल नर्व्हचा खोबणा म्हणजे नुसता सपाट उतार, रंगाचा एक पट्टा मारून काम भागवलंय. रक्तवाहिनी आत शिरते ते न्यूट्रिएंट फोरामेन तर कुठल्याच हाडावर नाही. सीनियर घोकून घेतात, 'कोपराकडे जा, गुडघ्यापासून पळ', म्हणजे हातात त्या छिद्राची दिशा कोपराकडे असते आणि पायात गुडघ्यापासून लांब. पण छिद्रच नसेल तर जायचं कुठे? टर्मिनलच्या (सत्र परीक्षेच्या) व्हायवात मॅडमनी खरा ह्युमरस हातात दिला आणि फोरामेन दाखव म्हणाल्या. महिनाभर या प्लास्टिकवर घोकंपट्टी केलेली मी, दंडाच्या हाडावर वरपासून खालपर्यंत नख फिरवत बसले. मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, तू हाड ओळखतेस. वाचत नाहीस."

खरा घोटाळा मनगटात निघाला. पिसिफॉर्म हे मटाराएवढं हाड तळहाताच्या बाजूला, करंगळीकडे असतं. माझ्या मॉडेलमध्ये ते मागच्या बाजूला चिकटवलेलं होतं. मला काय माहीत? मीही तसंच पाठ केलं. एकदा लेक्चरला कंटाळून स्वतःचंच मनगट दाबत बसले होते तेव्हा लक्षात आलं. तुम्हीही करून पाहा. तळहात वर करा, मनगट किंचित आत वाकवून सैल सोडा आणि करंगळीच्या रेषेत, मनगटाच्या घडीला लागून, तळहाताच्या गादीत दुसऱ्या हाताचा अंगठा रुतवा. एक गोल गाठ लागते आणि ती चक्क इकडेतिकडे सरकते. आता मनगट मागे ताणा. गाठ घट्ट बसते, हलत नाही. गुडघ्याच्या वाटीसारखं तेही कंडरेत बसलेलं हाड, कंडरा ताणली की तेही अडकतं. विकणाऱ्याला कळवलं. फोटो पाठवा म्हणाले, पाठवले, त्यानंतर आजतागायत शांतता. तेव्हापासून मॉडेलवरची प्रत्येक खूण मी आधी स्वतःच्या हातावर चाचपते. कोपराच्या आतल्या बाजूचा उंचवटा, ज्याच्या मागे टेकलं की करंगळीपर्यंत करंट जातो. तो करंट हाडाचा नाही, मागून जाणाऱ्या अल्नर नर्व्हचा. अंगठा ताणल्यावर मनगटाशी पडणारा खळगा, त्याला तपकिरीची डबी म्हणतात. त्याच्या तळाशी स्कॅफॉइड, आमच्या भाषेत नौनिभ, नावेसारखं. आमच्या वर्गातली एक जण कबड्डीत हातावर पडली, तिला नेमकं तिथेच दुखत होतं. पहिला एक्स-रे स्वच्छ आला, दोन आठवड्यांनी काढलेल्या दुसऱ्यात रेघ दिसली. या हाडाचा रक्तपुरवठा मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मागे येतो, त्यामुळे मध्ये मोडलं तर कोपराकडचा तुकडा उपाशी राहू शकतो. खळगा दुखत असेल तर एक्स-रे चांगला आला म्हणून गप्प बसू नका, एवढंच.

डिसेंबरमध्ये आजी पडली. सकाळी अंगणात सडा घालताना पाय घसरला आणि तिने हात टेकला. वय 74. मी पोचले तेव्हा मनगट बाजूने पाहिलं आणि पोटात धस्स झालं, कारण ते चित्र मी पाठ केलेलं होतं. कोलिस फ्रॅक्चर. रेडिअसचं खालचं टोक मोडून मागे सरकतं. पुस्तकं त्याला जेवणाच्या काट्यासारखा आकार म्हणतात. आमच्या घरात काटा नाही, मला ती उपडी ठेवलेली पळी दिसली. अब्राहम कोलिसने याचं वर्णन 1814 मध्ये केलं. रॉन्टगेनने बायकोच्या हाताचा, अंगठीसकट, तो प्रसिद्ध एक्स-रे काढला 1895 मध्ये. म्हणजे आत न बघता, बाहेरून चाचपून या माणसाने ओळखलं होतं. मॅडमचं 'वाचणं' मला तेव्हा कळलं.

प्लास्टर झाल्यावर मॉडेल घरी नेलं आणि आजीच्या मांडीवर ठेवलं.

"मोडलं ते कुठलं गं?"

"हे. अंगठ्याच्या बाजूचं."

"आणि हे दुसरं?"

"ते शाबूत आहे."

तिने रेडिअसच्या टोकावरून बोट फिरवलं. "एवढ्याशा तुकड्यानं मला दीड महिना बसवलं होय."

बोटं हलवत राहा, नाहीतर आखडतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आजीला व्यायाम वगैरे पटत नाही. पण ती जप पेरांवर मोजते : अंगठा चार बोटांच्या 12 पेरांवरून फिरतो, अशा 9 फेऱ्या झाल्या की 108. म्हटलं, आजी, मोडक्या हाताने जप कर. फिजिओथेरपिस्टने शिकवला असता त्यापेक्षा जास्त व्यायाम तिने देवाच्या नावाने केला.

पेरांवरून एक वेगळीच गंमत. अंगठ्याला पेरं दोन, म्हणून बोटांची हाडं 14. सुश्रुतात मात्र प्रत्येक बोटाला तीन, एकूण 15, अंगठाही त्यातच. सुश्रुताची एकूण संख्या 300, चरकाची 360, आणि आजची 206 हे पाठ असतं, फरक का हे कुणी विचारत नाही. अंगठ्याचं मेटाकार्पल (तळहातातलं हाड) वाढताना वाढीचा भाग बुडाशी असतो, बोटांच्या पेरांसारखा. बाकी चार मेटाकार्पलचा तो डोक्याशी असतो. तेव्हा अंगठ्याचं ते हाड तिसरं पेर धरलं तर फार बिघडत नाही. हे माझं मत, परीक्षेत लिहू नका.

टिकाऊपणाचं विचाराल तर मार्चपर्यंत ठीक होतं. मग आमच्याकडचा उन्हाळा सुरू झाला. खिडकीच्या खुंटीवर दुपारचं ऊन लागून अल्नाचं खालचं टोक आणि दोन बोटं मऊ पडून वाकली. गरम पाण्यात धरून सरळ केली, पण मधलं बोट अजून जरा रुसलेलं आहे. हाडांवर छापलेले आकडे सॅनिटायझरने पुसले की जातात; कापड आणि साधं पाणीच वापरा.

मग घ्यावं का? फिजिओवाल्यांनी, शाळेत शिकवणाऱ्यांनी, सांध्यांची हालचाल ज्यांना दाखवायची आहे त्यांनी जरूर. बीएएमएस-एमबीबीएसवाल्यांनी हे एकटं घेऊ नये; सुट्या हाडांचा अर्धा सेट कुणाकडून जुना मिळाला तर तो आधी. एका ज्युनिअरने विचारलंय, 1500 ला देतेस का. देईन बहुतेक. पिसिफॉर्म मी उखडून फेविक्विकने तळहाताच्या बाजूला लावलंय. जागा आता बरोबर आहे, सरकत मात्र नाही.