कृष्णवर्णीय मुलांना घडवणाऱ्या चार अमेरिकी संस्था: वेळ किंवा देणगी देण्यापूर्वी त्यांच्या नेतृत्वाचा तुलनात्मक आढावा

न्यू जर्सी, शिकागो किंवा बे एरियात वर्षानुवर्षे राहणाऱ्या मराठी माणसाला महाराष्ट्र मंडळाच्या कामापलीकडे जाऊन, ज्या शहरात आपली मुले वाढली त्या शहरासाठीही काही करावे असे वाटू लागते, तेव्हा त्याच्यासमोर येणाऱ्या पर्यायांत तरुण कृष्णवर्णीय मुलांना मार्गदर्शन करणाऱ्या संस्था हमखास असतात. त्यांची माहितीपत्रके वाचली की निवड सोपी होण्याऐवजी कठीण होते, कारण नेतृत्व, चारित्र्य, शिक्षण आणि बंधुभाव हे शब्द सगळीकडे सारखेच आढळतात. प्रत्यक्षात या संस्थांमध्ये मोठा फरक आहे आणि तो संस्थापकांनी नेमक्या कशावर भरवसा ठेवला यातून आलेला आहे. कोणी आखीव अभ्यासक्रमावर भरवसा ठेवला, कोणी समाजात प्रतिष्ठा मिळवलेल्या पुरुषांच्या सहवासावर, कोणी हाती येणाऱ्या कौशल्यावर, तर कोणी दीर्घ काळाच्या सोबतीवर. माझ्या मते देणगीदाराने किंवा स्वयंसेवकाने नेत्याचे वक्तृत्व बाजूला ठेवून एवढेच पाहावे की, तो नेता खोलीत नसताना मुलासमोर कोण बसलेले असते, आणि ती व्यक्ती पुढच्या वर्षीही तेथेच असेल अशी तजवीज त्याने केली आहे का.

या कसोटीवर सर्वांत तपशीलवार तपासले गेलेले काम शिकागोतील ‘बिकमिंग अ मॅन’ या उपक्रमाचे आहे. 1924 पासून कार्यरत असलेल्या ‘यूथ गायडन्स’ या संस्थेत अँथनी रामिरेझ-डी व्हिट्टोरिओ यांनी 2001 मध्ये तो सुरू केला. मुले त्यांना ‘टोनी डी’ आणि उपक्रमाला ‘बॅम’ म्हणतात. शाळेच्या वेळेतच, आठवड्यातून एकदा, एक पूर्णवेळ पगारी समुपदेशक मुलांच्या छोट्या गटाबरोबर गोलात बसतो. सुरुवातीला प्रत्येक जण शरीर, बुद्धी, भावना आणि आत्मिक बाजू या चार अंगांनी आपले कसे चालले आहे ते सांगतो आणि समुपदेशकही स्वतःबद्दल तितक्याच मोकळेपणाने बोलतो. सचोटी, जबाबदारी, आत्मनिर्धार, रागाला योग्य वाट देणे, पुढचा पल्ला ठरवणे आणि स्त्रियांचा आदर ही सहा मूल्ये अभ्यासक्रमाच्या मुळाशी आहेत.

या अभ्यासक्रमातील एक प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. मुलांच्या जोड्या लावल्या जातात, एकाच्या हाती चेंडू दिला जातो आणि दुसऱ्याला 30 सेकंदांत तो मिळवायला सांगितले जाते. लगेच झटापट सुरू होते. कोणी बोटे उलगडू पाहतो, कोणी हात पिरगाळतो, कोणी सरळ जमिनीवर लोळतो. मग भूमिका बदलल्या जातात आणि पुन्हा तेच घडते. शेवटी समुपदेशक विचारतो की, चेंडू मागून पाहावा असे एकालाही का सुचले नाही. मागितला असता तर समोरच्याने आपल्याला भित्रा समजले असते, असे काही जण म्हणतात. यावर समुपदेशक समोरच्याकडे वळतो आणि खरोखर मागितला असता तर काय केले असते असे विचारतो. दिला असता, साधा चेंडूच तर आहे, अशा अर्थाचे उत्तर बहुधा येते. ज्या वस्तीत मऊपणा दाखवणे महागात पडू शकते, तेथे वाढलेल्या मुलाला त्याची सावधगिरी चुकीची आहे असे येथे कोणी सांगत नाही. हात उगारण्याआधी क्षणभर थांबून समोरच्याच्या मनात काय असेल याचा अंदाज घेण्याचा सराव त्याला दिला जातो.

नेतृत्वाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. आपल्या कामाची लॉटरी पद्धतीने तुलना होऊ देण्यास या संस्थेने संमती दिली. म्हणजे पात्र मुलांपैकी काहींना चिठ्ठी टाकून प्रवेश मिळाला, काहींना मिळाला नाही आणि दोन्ही गटांच्या नोंदी शिकागो विद्यापीठाच्या ‘क्राइम लॅब’ या संशोधन केंद्राने तपासल्या. 2009-10 च्या पहिल्या प्रयोगात 18 शाळांतील 2,740 मुले होती आणि 2013 ते 2015 मधील दुसऱ्या प्रयोगात 2,064. कार्यक्रम चालू असतानाच्या काळात एकूण अटका 28 ते 35 टक्क्यांनी आणि हिंसक गुन्ह्यांबद्दलच्या अटका 45 ते 50 टक्क्यांनी कमी झाल्या, तर पहिल्या प्रयोगात शालान्त पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण 12 ते 19 टक्क्यांनी वाढले, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात नोंदवले आहे. त्याच्या लेखकांत तमिळनाडूत जन्मलेले अर्थतज्ज्ञ सेंधिल मुल्लईनाथन यांचाही समावेश आहे. त्याच निबंधातील दुसरी बाब संस्थेच्या प्रसिद्धीपत्रकांत सहसा ठळकपणे येत नाही, आणि निवड करणाऱ्याने ती अवश्य लक्षात घ्यावी: कार्यक्रम संपल्यानंतर अटकांवरील परिणाम टिकून राहिल्याचे आढळले नाही. मला हे अपयश वाटत नाही. सोळाव्या-सतराव्या वर्षी तुरुंगात न जाता शाळेत टिकलेल्या मुलाचे ते एक वर्ष स्वतःच मोलाचे असते. मात्र एका वर्षाच्या देणगीत आयुष्यभराचा बदल विकत मिळतो असे कोणी भासवत असेल, तर या आकडेवारीला तसा आधार नाही.

बॅमच्या गटात कृष्णवर्णीय मुलांबरोबर लॅटिनो मुलेही असतात आणि टोनी डी स्वतः कृष्णवर्णीय नाहीत. ‘कृष्णवर्णीय पुरुषांनीच कृष्णवर्णीय मुलांना घडवावे’ या विचाराला महत्त्व देणाऱ्याने हा मुद्दा तपासून घ्यावा. ओबामा यांनी फेब्रुवारी 2013 मध्ये शिकागोच्या हाइड पार्क अकॅडमीत बॅमच्या मुलांमध्ये बसून आपल्या पितृहीन बालपणाविषयी सांगितले आणि वर्षभराने, 27 फेब्रुवारी 2014 रोजी, व्हाइट हाउसमधून कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य मुलांना पुढे आणण्यासाठीचा ‘माय ब्रदर्स कीपर’ हा उपक्रम जाहीर केला. या प्रसिद्धीमुळे निधी आला आणि बॉस्टन, लॉस एंजेलिस अशा शहरांत कामाचा विस्तार झाला. बाहेरच्या स्वयंसेवकाला मात्र येथे फारसे काम नाही, कारण गोलात बसणारा माणूस प्रशिक्षित आणि पगारी असावा हाच या पद्धतीचा पाया आहे. येथे मदत करायची तर ती पैशाची.

‘100 ब्लॅक मेन ऑफ अमेरिका’ची घडण जवळपास याच्या उलट आहे. 1963 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एकत्र आलेल्या कृष्णवर्णीय व्यावसायिकांच्या गटातून ती उभी राहिली. त्यांत पुढे त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झालेले डेव्हिड डिंकिन्स आणि बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत 1947 मध्ये ओलांडणारे जॅकी रॉबिन्सन होते. 1986 मध्ये ठिकठिकाणचे गट जोडून राष्ट्रीय संघटना झाली आणि तिचे मुख्यालय अटलांटात आले. मुले जे पाहतात तेच पुढे होतात, हे संघटनेचे बोधवाक्य आहे आणि तिची सगळी कार्यपद्धती त्यातच आली: डॉक्टर, वकील, बँकर, शिक्षक अशी आपल्यासारखी दिसणारी यशस्वी माणसे मुलाच्या नेहमीच्या ओळखीची व्हावीत. सिनेटर सॅम नन यांचे सहकारी राहिलेल्या टॉमस डॉर्च यांनी 2023 मधील निधनापर्यंत अनेक वर्षे या संघटनेचे सुकाणू सांभाळले. निधी, राजकीय ओळखी आणि उद्योगजगतातील प्रवेश हे त्यांचे बळ होते. शाळेच्या वर्गात गोल करून बसण्याचा अभ्यासक्रम हे त्यांचे क्षेत्र नव्हते.

या रचनेचा लाभ असा की सदस्य स्वतःचा वेळ विनामूल्य देतात आणि मुलाला उमेदवारीची जागा, शिष्यवृत्ती किंवा शिफारसपत्र मिळण्याचा मार्ग खरोखर खुला होतो. तोटाही यातच आहे. नोकरी सांभाळून शनिवारी येणाऱ्या सदस्यांवर सारे अवलंबून असल्यामुळे एका शहराची शाखा अतिशय शिस्तबद्ध, तर दुसऱ्या शहराची वार्षिक मेजवानीपुरती जिवंत, असे घडू शकते. म्हणून येथे अटलांटातील अध्यक्ष कोण यापेक्षा आपल्या शहरातील शाखाध्यक्ष कोण, हेच पाहावे. न्यूयॉर्कच्या शाखेने डेव्हिड बँक्स यांच्याबरोबर 2004 मध्ये ब्राँक्समध्ये मुलांसाठी ‘ईगल अकॅडमी’ ही सरकारी शाळा उभी केली. पुढे त्याच धर्तीवर शहराच्या इतर भागांत आणि नुअर्कमध्ये शाळा निघाल्या, आणि बँक्स 2022 मध्ये शहराचे शिक्षणप्रमुख होऊन बाहेर पडल्यावरही शाळा चालू राहिल्या. एखाद्या शाखेने किती टिकाऊ काम करता येते याचे हे उदाहरण मी सर्वांत वर ठेवीन.

बे एरियातील मराठी अभियंत्यांसाठी ओकलंडचे ‘द हिडन जीनियस प्रोजेक्ट’ विशेष विचारात घेण्याजोगे आहे. हे तेच ओकलंड, जेथे 1966 मध्ये ब्लॅक पँथर पक्ष स्थापन झाला आणि ज्याच्या नावावरून 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरने आपले नाव घेतले. त्यामुळे मराठी वाचकाला हे शहर पूर्णपणे परके नाही. शेजारी जगातील सर्वांत श्रीमंत तंत्रज्ञान कंपन्या असूनही ओकलंडच्या कृष्णवर्णीय मुलांना तेथे प्रवेश नाही, ही विसंगती असह्य झाल्यामुळे पाच कृष्णवर्णीय उद्योजक व तंत्रज्ञांनी 2012 मध्ये हे काम सुरू केले. ब्रँडन निकोल्सन यांनी कार्यकारी संचालक या नात्याने ते आकाराला आणले. हायस्कूलमधील मुलांना 15 महिने, सुमारे 800 तास, विनाशुल्क प्रशिक्षण मिळते. त्यात प्रोग्रॅमिंगबरोबर उद्योजकता आणि नेतृत्वही शिकवले जाते आणि प्रशिक्षण पूर्ण केलेली मुले पुढच्या मुलांना शिकवण्यासाठी परत येतात. निकोल्सन यांच्या नेतृत्वातील ही बाब मला फार मोलाची वाटते, कारण चौदा वर्षांच्या मुलाला चाळिशीतील यशस्वी पुरुषापेक्षा आपल्याच शाळेतून तीन वर्षे पुढे गेलेल्या मुलाचे बोलणे अधिक लवकर पटते.

येथील यशाची तुलना बॅमच्या आकड्यांशी करू नये. जो मुलगा 15 महिन्यांच्या कार्यक्रमासाठी स्वतः अर्ज करतो, त्याच्यात आणि ज्याला वर्ग चुकवता येतो म्हणून तो गोलात येऊन बसतो त्याच्यात मुळातच अंतर असते. पहिल्याला संधी हवी असते, दुसऱ्याला आधी कोणीतरी थांबवावे लागते. दोन्ही कामे आवश्यक आहेत, पण देणगी देताना आपण कोणत्या मुलासाठी देत आहोत हे स्वतःशी स्पष्ट असावे. घडलेले कौशल्य डोळ्यांनी दिसावे असे वाटणाऱ्याला आणि स्वतःच्या व्यवसायातील ज्ञान द्यायची इच्छा असणाऱ्याला हिडन जीनियस सर्वांत जवळची वाटेल.

न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतील ‘ब्रदरहूड सिस्टर सोल’ ही चौथी संस्था. खारी लझार-व्हाइट आणि जेसन वॉर्विन या मित्रांनी ब्राउन विद्यापीठात शिकत असताना 1995 मध्ये तिचा पाया घातला. येथे मुलगा चार ते सहा वर्षे एकाच छोट्या गटात राहतो आणि भाऊ, पुरुष व नेता म्हणजे काय याची स्वतःची व्याख्या गटाबरोबर शोधून शेवटी आपली प्रतिज्ञा स्वतः लिहितो. मुलींचेही गट आहेत आणि सामाजिक न्यायाच्या चळवळीशी संस्थेचे नाते उघड आहे. ज्यांना राजकारणापासून अलिप्त संस्था हवी आहे त्यांना ते रुचणार नाही. विस्ताराचा मोह टाळून एका वस्तीत तीन दशके पाय रोवून राहणे हा लझार-व्हाइट यांचा निर्णय मला योग्य वाटतो, तरी एकाच संस्थापकाभोवती इतकी वर्षे फिरलेल्या संस्थेला पुढचा नेता कसा तयार केला जात आहे, हे विचारायलाच हवे.

2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर अशा संस्थांकडे कंपन्यांचा पैसा मोठ्या प्रमाणावर वळला, आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाविद्यालयीन प्रवेशात वंशाचा विचार करण्यास मनाई केल्यानंतर त्याच कंपन्या सावध झाल्या. त्यामुळे व्यक्तींनी दरमहा दिलेली लहान पण निश्चित रक्कम आज अधिक उपयोगी पडते.

पैशापेक्षा वेळ देण्याची इच्छा असेल आणि आपण कृष्णवर्णीय नसाल, तर या चौघींपेक्षा ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’चा विचार करणे अधिक व्यवहार्य आहे. 1904 पासूनच्या या संस्थेचे नेतृत्व 2021 पासून आर्टिस स्टीव्हन्स या पहिल्या कृष्णवर्णीय प्रमुखांकडे आहे. तेथे पार्श्वभूमीची तपासणी होऊन एका मोठ्याची एका मुलाशी जोडी लावली जाते. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स यांच्या 2002 मधील अभ्यासात वर्षभराहून अधिक टिकलेल्या जोड्यांना सर्वाधिक लाभ झाल्याचे, तर तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या जोड्यांतील मुलांचा स्वतःविषयीचा आदर उलट घसरल्याचे दिसले. एच-1बी व्हिसावर असणाऱ्या, नोकरीबरोबर शहर बदलण्याची शक्यता असणाऱ्या किंवा दर उन्हाळ्यात दोन महिने भारतात जाणाऱ्या आपल्या लोकांनी हा निष्कर्ष गांभीर्याने घ्यावा. वर्षभर एका जागी राहण्याची खात्री नसेल, तर कोणत्याही मुलाला शब्द न देता आर्थिक मदतच करावी.

माझी स्वतःची पसंती विचाराल तर, शिकागो परिसरातील देणगीदाराने बॅमला द्यावे, बे एरियातील अभियंत्याने हिडन जीनियसशी बोलावे, आणि न्यू जर्सी-न्यूयॉर्कमधील ज्यांना एकाच वस्तीतील खोल काम पाहायचे आहे त्यांनी हार्लेमला जाऊन यावे. 100 ब्लॅक मेनबाबत मी शाखा पाहिल्याशिवाय कोणालाही होकार देण्यास सांगणार नाही. निर्णयापूर्वी संस्थेचे गेल्या तीन वर्षांचे ‘फॉर्म 990’, म्हणजे तिने करखात्याला दरवर्षी सादर केलेले विवरणपत्र, वाचावे. ते सर्वांसाठी खुले असते आणि त्यात प्रमुखांचे वेतन, तसेच कार्यक्रमांवर, प्रशासनावर आणि निधिसंकलनावर झालेला खर्च वेगवेगळा दिलेला असतो. नंतर एक फोन करून विचारावे की, दोन वर्षांपूर्वी मुलांबरोबर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांपैकी आज कितीजण तेथे आहेत. 100 ब्लॅक मेनच्या शाखा बहुधा स्वतंत्रपणे नोंदलेल्या असतात. त्यामुळे आपल्या कंपनीकडून जोड-देणगी (आपल्या देणगीला जोडून कंपनीने दिलेली रक्कम) मिळवायची असल्यास अर्जात आपल्या शहरातील शाखेचाच कर-क्रमांक भरावा, अन्यथा पैसा अटलांटाच्या खात्यात जमा होईल.