‘डिसेंबर १९६१’ची रिळं आणि चार वर्षांनी जन्मलेली छिद्रं

किनारपट्टीवरच्या एका बाजारात सहा रिळांचा लॉट अठरा हजारांना गेला. पत्र्याच्या डब्यावर जुनाट चिकटपट्टी, तिच्यावर पोर्तुगीज वळणाच्या अक्षरांत ‘गोवा, डिसेंबर १९६१’. विक्रेत्याचं बोलणंही ठरलेलं: ‘पात्रांव (मालक), जुन्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरचा माल. लष्कर पणजीत शिरलं तेव्हाचं शूटिंग. उघडू नका हां, नायट्रेट आहे, पेट घेईल.’ घेणाऱ्याने डबा उघडला नाही. त्यातल्या एकाही रिळात १९६१ नव्हतं, आणि ते कळायला प्रोजेक्टरची गरज नव्हती. वीतभर फिल्म खिडकीच्या उजेडासमोर धरली असती तरी भागलं असतं.

आधी त्या नायट्रेटचं. पेट घेणारी नायट्रेट फिल्म ही मुख्यतः सिनेमागृहांच्या ३५ मि.मी.ची गोष्ट. कोडॅकने १९२३ साली १६ मि.मी. घरगुती वापरासाठी आणली ती सुरुवातीपासून अ‍ॅसिटेटवर, म्हणजे सहज पेट न घेणाऱ्या सेफ्टी फिल्मवर. १९३२ची ८ मि.मी.ही तशीच. तेव्हा घरगुती रीळ विकताना कोणी ‘पेटेल’ म्हणून उघडू देत नसेल, तर डब्यात बघण्यासारखं काहीतरी नक्की आहे असं समजावं.

या लॉटमधली चार रिळं ‘आठ एमएम’ म्हणून दिली होती. ते खोटंही नव्हतं, आणि फसवणूक नेमकी तिथेच होती. रुंदी ८ मि.मी. असलेल्या फिल्म दोन जातींच्या. जुनी, जिला रेग्युलर किंवा स्टँडर्ड म्हणतात, ती १९३२ची. सुपर ८ कोडॅकने बाजारात आणली १९६५ साली. फूटपट्टी लावून दोन्ही सारख्याच भरतात. फरक कडेच्या छिद्रांत आहे. रेग्युलरचं छिद्र मोठं, रुंदीला जास्त (सुमारे १.८ मि.मी. रुंद, १.३ उंच), आणि ते दोन चित्रांमधल्या रेषेवर येतं. सुपर ८चं छिद्र बारीक, उभट (सुमारे ०.९ रुंद, १.१ उंच), आणि चित्राच्या उंचीच्या बरोबर मध्यावर. छिद्र लहान केल्यामुळेच चित्राला जागा जास्त मिळाली. साध्या भिंगाने हे सेकंदात दिसतं. या चारही रिळांची छिद्रं बारीक आणि मध्यावर होती. डिसेंबर १९६१ मध्ये जगातल्या कुठल्याच कॅमेऱ्यात ही फिल्म असणं शक्य नव्हतं.

यावर विक्रेत्याची पळवाट तयार असते: ‘मूळ जुनंच, ही नंतर काढलेली कॉपी.’ कॉपी असू शकते, पण मग किंमतही कॉपीची. तपासायचं कसं, तर फिल्मची कड बघून. घरगुती कॅमेऱ्यात बहुधा रिव्हर्सल फिल्म वापरत, म्हणजे कॅमेऱ्यातली पट्टीच धुऊन पॉझिटिव्ह होते; तिची छिद्रांभोवतालची कड काळी आणि तिच्यावरची अक्षरं उजळ असतात. निगेटिव्हवरून काढलेल्या प्रिंटची कड पारदर्शक, अक्षरं काळी. दुसरी खूण जोडांची: मूळ रिळात जोड बोटाला लागतो, कॉपीत तो फक्त चित्रात दिसतो.

स्पूलच्या मधल्या भोकावर मात्र विसंबू नये. सुपर ८च्या स्पूलचं भोक १२.७ मि.मी., रेग्युलरचं साधारण ८, हे खरं. पण कुठलीही फिल्म कुठल्याही स्पूलवर गुंडाळता येते, आणि गुंडाळतातही.

पाचवं रीळ ‘प्रोफेशनल १६ एमएम’ म्हणून लॉटचा भाव वाढवण्यासाठी होतं. रुंदी खरोखर १६. पण छिद्रं दोन्ही कडांना आणि दाट, दर ३.८ मि.मी.ला एक, खऱ्या १६ मि.मी.त हे अंतर ७.६ असतं. ही न चिरलेली ‘डबल ८’. रेग्युलर ८चा कॅमेरा १६ रुंदीची २५ फूट फिल्म आधी एका अर्ध्या भागावर चित्रित करतो, मग स्पूल उलटून दुसऱ्या अर्ध्यावर. धुतल्यावर लॅब ती मधोमध चिरून ५० फूट करते. चिरायची राहून गेली की शेजारी-शेजारी दोन रांगा दिसतात, एक सुलटी आणि एक उलटी. अशी फिल्म १६च्या प्रोजेक्टरवर चालतेसुद्धा, फक्त पडद्यावर एकदम चार चित्रं येतात. माल वाया गेलेला नसतो, नीट चिरून घेता येतो. पण १०० फूट १६ मि.मी.चे पैसे देऊन हातात हे आलं तर तो तोटाच.

सहावं रीळ सर्वांत हुशारीचं. सात इंची स्पूल, ४०० फूट सुपर ८, सुरुवातीला कुठल्याशा चर्चचं फेस्त: मिरवणूक, टोप्या घातलेली मुलं, बँड. उजेडासमोर धरणारा माणूस बघतो ती एवढीच. तीसेक फुटांनंतर चिकटपट्टीचा जोड, आणि आत दुकानात मिळणारी विदेशी कार्टूनची तयार प्रिंट. हे न उलगडताही ओळखता येतं. रीळ आडवं धरून गुंडाळीची बाजू बघा. फिल्म बदलली की रंगाचा पट्टा बदलतो. झाडाच्या खोडात वलयं दिसावीत तसं. पट्टे जास्त तर प्रश्न जास्त.

रंगाचीही थाप असते. गुलाबी पडलेली फिल्म ‘जुनी म्हणून गुलाबी’ अशी विकतात. बऱ्याच रंगीत प्रिंट्सचे निळे-पिवळे रंग उडून गुलाबी उरतो, त्यात वयापेक्षा फिल्मच्या जातीचा आणि साठवणीचा वाटा मोठा. उलट कोडॅकची कोडॅक्रोम ही रंगीत फिल्म, जी ८ मि.मी.त १९३६ पासून होती, अंधारात नीट ठेवली तर दशकानुदशके टवटवीत राहते. ‘न धुतलेली कोडॅक्रोम, आत काय आहे कोणास ठाऊक’ असं गूढ कोणी विकत असेल तर एवढं ध्यानात ठेवा: तिची रंगीत धुलाई जगात २०१० अखेर बंद झाली. आता फार तर कृष्णधवल चित्र निघेल, तेही निघालं तर.

चित्रातला मजकूरही बोलतो. याच लॉटमध्ये मांडवीवरचा पूल दिसत होता. १९६१ साली मांडवीवर पूल नव्हता, माणसं फेरीबोटीने जात.

कडेला नव्हे तर रुंदीच्या मध्यभागी छिद्रं असलेली पट्टी दिसली तर ती खराब झालेली ८ नव्हे. ती फ्रान्सच्या पाथे कंपनीची ९.५ मि.मी., १९२२ची. ही ओळखणारे विक्रेते कमी. इथे कधीकधी फसतो तो विकणारा.

आपल्या हवेत एक तपासणी कुठल्याही भावाआधी करावी. डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे अ‍ॅसिटेट कुजू लागलंय, आणि ते आम्ल पुढची कुज आणखी वाढवतं. असं रीळ घरच्या चांगल्या रिळांशेजारी ठेवू नये. मग आकुंचन मोजा. १०० चित्रांची लांबी रेग्युलर ८मध्ये ३८१ मि.मी., सुपर ८मध्ये सुमारे ४२३, १६ मि.मी.मध्ये ७६२ भरायला हवी. एक टक्क्याहून जास्त कमी भरली तर प्रोजेक्टरच्या दातांवर छिद्रं फाटतात. अशी फिल्म फक्त स्कॅनिंगच्या लायकीची. याच मापाने रेग्युलर की सुपर हा वादही मिटतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर क्लिप पाठवून आगाऊ रक्कम मागणारे वेगळेच. क्लिप कुठल्या रिळाची, याला पुरावा नसतो. त्याच रिळाच्या दोन-तीन ठिकाणच्या पट्ट्यांचा, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद ठेवून, जवळून फोटो मागा. छिद्रं स्पष्ट दिसली पाहिजेत. अशा ऑनलाइन व्यवहारात पैसे गेल्यावर फसवणूक लक्षात आली तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा, रक्कम अडवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

अठरा हजारांच्या या व्यवहारात पावती होती, पण तिच्यावर लिहिलं होतं ‘जुनी रिळं ६ नग’. परत मागायला गेल्यावर उत्तर मिळालं की तारीख डब्यावरची आहे, आम्ही कुठे सांगितली? पावतीवर फिल्मची जात, किती फूट, मूळ की प्रिंट, आणि सांगितलेलं साल, हे चारही लिहून घ्या. लिहायला नकार आला तर डबा जागेवर ठेवा.