कॉपर पेप्टाइड सीरम : गुढीपाडवा ते दिवाळी, साडेसात महिन्यांचा अनुभव

सोलापुरातील एका टॉवेल कारखान्याच्या डाइंग विभागात मी बावीस वर्षे काम करतो. वाफेत आणि उष्म्यात दिवस जात असल्याने चेहरा कोरडा पडलेला, डोळ्यांच्या कडेला बारीक सुरकुत्या आलेल्या. माथ्यावरचे विरळ होत गेलेले केस मात्र वडिलांकडून आलेले. गुढीपाडव्याला एक टक्का कॉपर पेप्टाइडचे सीरम आणले आणि दिवाळीपर्यंत ते रोज रात्री चेहऱ्यावर व एक दिवसाआड टाळूवर लावले. तीस मिलिलिटरच्या चार बाटल्या संपल्या.

या पदार्थाचे नाव जीएचके-कॉपर. ग्लायसिन, हिस्टिडिन आणि लायसिन या तीन अमिनो आम्लांची लहानशी साखळी तांब्याचा एक अणू धरून ठेवते आणि त्यामुळेच सीरमला मोरचुदासारखा निळा रंग येतो. अमेरिकन संशोधक लॉरेन पिकार्ट यांनी 1973 मध्ये ही साखळी मानवी रक्तद्रवात ओळखली. विशीतल्या माणसाच्या रक्तद्रवात ती मिलिलिटरमागे सुमारे 200 नॅनोग्रॅम असते आणि साठीपर्यंत 80 च्या आसपास उतरते, असे त्यांनीच पुढे मांडले. त्वचेला घट्टपणा आणि लवचीकपणा देणारे कोलॅजन आणि इलॅस्टिनचे धागे एकमेकांत घट्ट बांधणाऱ्या लायसिल ऑक्सिडेज या विकराला तांबे लागतेच, आणि जीएचके-कॉपर दिल्यावर त्वचेतील फायब्रोब्लास्ट पेशी जास्त कोलॅजन तयार करतात, हे फ्रान्समधील संशोधकांनी 1988 मध्ये दाखवले. पण ते प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवरचे होते. चेहऱ्यावर लावलेल्या थेंबाला आधी त्वचेचा सर्वांत वरचा, तेलकट आणि घट्ट थर ओलांडावा लागतो, आणि पाण्यात सहज विरघळणारा हा पदार्थ तिथून थोडाच आत जातो. बाटलीवरच्या जाहिरातीत ही अडचण कुठेच लिहिलेली नसते.

मे महिन्यात माझ्याकडून एक चूक झाली. सकाळसाठी घेतलेले व्हिटॅमिन सी सीरम मी एका रात्री याच्यावरच लावले आणि गाल चुरचुरू लागले. दुसऱ्या दिवशी दोन्हींचे चार-चार थेंब पांढऱ्या बशीत एकत्र केले, तेव्हा काही मिनिटांत निळाई फिकी पडत गेली. रंगकामात आयुष्य गेलेल्या माणसाला याचे कारण शोधावे लागत नाही : आम्लात तांब्याची पकड सुटते, आणि सुटे तांबे व्हिटॅमिन सी झपाट्याने खराब करते. बोअरच्या जड पाण्यातले धातू बांधण्यासाठी आम्ही जे ईडीटीए वापरतो, तेही या साखळीकडून तांबे ओढून घेऊ शकते. म्हणून आम्लयुक्त सीरम आणि हे सीरम यांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. तेव्हापासून व्हिटॅमिन सी सकाळी आणि हे रात्री, असा क्रम मी पाळला आणि पुन्हा त्रास झाला नाही. उशीच्या अभ्र्यावर मात्र फिकट निळे डाग पडले. ते सौभाग्यवतींच्या लक्षात आधी आले.

चेहऱ्याच्या बाबतीत मी समाधानी आहे. दर महिन्याला एकाच खिडकीत, एकाच वेळी फोटो काढले. चौथ्या महिन्यापासून त्वचेचा खरखरीतपणा कमी दिसतो आणि डोळ्यांकडच्या रेषा किंचित मऊ झाल्या आहेत. मात्र जून ते सप्टेंबर हवेत ओलावा होता आणि मी मॉइश्चरायझरही नियमित लावू लागलो होतो, त्यामुळे सगळे श्रेय सीरमला देणे मला पटत नाही.

केसांत फरक पडला नाही. सोलमधील संशोधकांनी 2007 मध्ये एएचके-कॉपर या जवळच्या पेप्टाइडने शरीराबाहेर जोपासलेली केसांची मुळे वाढवून दाखवली. पण बशीत वाढणारे मूळ वेगळे आणि आनुवंशिक टक्कल पडणारी टाळू वेगळी. सात रस्त्याजवळच्या त्वचारोगतज्ज्ञांनी फोटो पाहून स्पष्ट सांगितले, "अहो, यात वेळ घालवू नका, मिनॉक्सिडिल सुरू करा." अशा टकलावर मिनॉक्सिडिल या केसवाढीच्या औषधाचे प्रत्यक्ष रुग्णांवरचे पुरावे कितीतरी भक्कम आहेत. त्यासाठीही निदान चार-सहा महिने धीर धरावा लागतो, कारण केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतात.

सुरक्षेबद्दल मला कळकळीने लिहायचे आहे. वरून लावल्यास बहुतेकांना हे सोसते. तरी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस थोडे लावून पाहावे. विल्सन आजारात शरीरात तांबे साठते, त्या रुग्णांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनीही आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे, कारण 1973 च्या मूळ प्रयोगात हा पदार्थ यकृताच्या गाठीतल्या पेशींनाही वाढवत होता. आणि हल्ली मोबाईलवर सुचवली जाणारी जीएचके-कॉपरची इंजेक्शने कृपया घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीएने त्यांना औषध म्हणून मान्यता दिलेली नाही, आणि त्वचेवर लावलेला थेंब धुता येतो, सुईने आत गेलेला धुता येत नाही.

टाळूवर लावणे मी थांबवले आहे. चेहऱ्यासाठी पाचवी बाटली आणली आहे आणि ती फ्रिजच्या दारात ठेवली आहे, कारण इथल्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात पहिली बाटली खिडकीतल्या फळीवर ठेवली होती आणि दोन महिन्यांतच तिचा निळा रंग हिरवट झाला होता.