पासष्टचा आकडा वाचून मी हसले, आणि तरीही पैसे भरले

एका छोट्या कुऱ्हाडीपायी एकूण गेले ७,५४७ रुपये. आकडा आधीच सांगून टाकते, कारण घरात मी अजून २,१९९च सांगितलेत. हे वाचून तिथेही कळेल, तेवढं एक काम होईल.

आमचा सहा-सात जणांचा गट वर्षातून तीनदा तरी तंबू घेऊन बाहेर पडतो. शेकोटीसाठी मोठी कुऱ्हाड पाठीवर वाहायची म्हणजे शिक्षा, आणि कोयत्याने जाड ओंडका फुटत नाही. म्हणून एका हाताने चालवता येईल अशी छोटी कुऱ्हाड हवी होती. काय हवंय हे मला पक्कं ठाऊक होतं. हे मुद्दाम लिहितेय, कारण ‘माहिती नव्हती तर घेतलीस कशाला’ ऐकून कान किटलेत. पातं ५०० ते ७०० ग्रॅमचं. त्याहून फार हलकं असलं की ते लाकडात शिरण्याऐवजी उसळतं. दांडा साधारण ३० ते ३८ सेंटिमीटर. पातं घडीव पोलादाचं, ओतीव नको. दांड्याच्या टोकाला लाकडाच्या रेषा धारेच्या दिशेनेच धावणाऱ्या, कारण आडव्या रेषांचा दांडा मोडायला वेळ लागत नाही. आणि नेढ्यातून, म्हणजे पात्यातल्या दांड्याच्या भोकातून, वर आलेल्या दांड्यात ठोकलेली पाचर डोळ्यांना दिसली पाहिजे. एवढं सगळं तोंडपाठ असलेली बाई फसली.

जाहिरात रात्री पावणेबाराला समोर आली. साचा तुम्हालाही पाठ असेल: कारखाना बंद होतोय, शेवटचे ११ नग, खाली उलटं पळणारं घड्याळ. छापील किंमत ४,९९९, आता २,४९९, आगाऊ भरलेत तर २,१९९. पात्यावर लाटा-लाटांची नक्षी, म्हणे ‘दमास्कस’, म्हणजे थराथरांचं पोलाद. तसली नक्षी साध्या पोलादावरही ॲसिडने किंवा लेझरने उमटवता येते, आणि सरपण फोडायला तिचा काडीचा उपयोग नाही, हेही मला माहीत होतं.

त्याच्याखाली लिहिलं होतं: कडकपणा ६५ एचआरसी.

इथे मी थांबायला हवं होतं. कुऱ्हाडीच्या धारेचा कडकपणा रॉकवेल मापावर (एचआरसी म्हणजे तेच) साधारण ५२ ते ५८ ठेवतात. भाजीच्या चांगल्या सुरीला ६० चालतो, कारण सुरी कापते, आदळत नाही. कुऱ्हाडीला ६५ दिला तर गाठीवर पहिला घाव बसला की धारेचे टवके उडतील. म्हणून तर पाणी दिल्यावर, म्हणजे लालबुंद तापवून झटकन थंड केल्यावर, पातं पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. मी तो आकडा वाचला आणि हसले. चांगली मोठ्याने हसले. नवऱ्याने विचारलं, काय झालं? म्हटलं, ‘काही नाही रे, जाहिरात लिहिणाऱ्याला कुऱ्हाडीतलं ओ की ठो कळत नाही.’ लिहिणाऱ्याला कळत नसेल, पण विकणाऱ्याला कळत असेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं आणि पैसे भरले. फसवणाऱ्यापेक्षा त्या हसण्याचा मला जास्त राग येतो.

दुसऱ्या दिवशी ‘धारदार वस्तूची सुरक्षित वाहतूक’ म्हणून ३४९ मागितले. तेही दिले. २,१९९ अडकलेत म्हटल्यावर ३४९ मोठे वाटत नाहीत, यांचा धंदा त्यावरच चालतो. नवव्या दिवशी खोकं आलं. जाहिरातीत एकूण वजन ९५० ग्रॅम होतं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर भरलं ६१२. मी काय म्हटलं असेन? काट्याचा सेल उतरलाय!

पुढच्या शनिवारी कॅम्प. जागेच्या मालकाने वाळलेले बाभळीचे ओंडके दिले होते (जंगलातली लाकूडतोड आम्ही करत नाही, कुणी शिकवायला येऊ नये). दोन घाव बसले. तिसऱ्याला हात एकदम हलका झाला आणि पातं सुटून माझ्या भाच्याच्या चटईवर, त्याच्या गुडघ्यापासून दोन वितींवर जाऊन पडलं. कुणी काही बोललं नाही. मग भाचाच म्हणाला, ‘मावशी, ही प्रीमियम होती ना?’

कंदील जवळ घेऊन पाहिलं. नेढ्यात दांडा वरपर्यंत गेलेलाच नव्हता. अंगठ्याएवढं निमुळतं टोक अर्ध्यात थांबलेलं, उरलेल्या जागेत भुसा आणि गोंद. वरून लाकडाची एक चकती चिकटवलेली, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं दांडा आरपार आहे. आणि त्या चकतीवरची पाचर मार्करने काढलेली होती. काळी, सरळ, पट्टी धरून काढल्यासारखी रेघ. नख लावलं तर निघाली. धार पत्र्यासारखी दुमडली होती. घरी आल्यावर कानस फिरवली तर साध्या लोखंडासारखी मऊ लागली. नुसतं पातं भरलं ३८८ ग्रॅम.

इथवर २,५४८ गेले होते. बाकीचे माझ्या रागाने घालवले.

कॅम्पवरून परत येताना गाडीतूनच त्यांच्या नंबरवर फोन केला. पलीकडे इतका नम्र माणूस. ‘ताई, तुमच्या जिवावर बेतलं असतं, कंपनी छापील किंमत परत करते.’ म्हणजे २,१९९ च्या बदल्यात ४,९९९. हो, पडला मोह. आणि हक्काचेच वाटले, भाच्याचा गुडघा अजून डोळ्यांसमोर होता. त्याने क्यूआर पाठवला, मी स्कॅन केला, पिन टाकला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, हे मी स्वतः माझ्या आईला दोनदा बसवून शिकवलंय. ४,९९९ खात्यातून गेले आणि नंबर बंद.

दुसरी चूक, फोन करायला सकाळ उजाडू दिली. तुम्ही असं करू नका. त्याच मिनिटाला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तर तेव्हाच. नंतर सगळीकडे नुसते कागद फिरतात.

बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा. ग्राहकाच्या चुकीने गेलं तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, हा नियम त्यांना तोंडपाठ. पण मी कळवल्याची नोंद क्रमांकासह द्यायला तीन फेऱ्या. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: ‘मॅडम, कुऱ्हाड कशासाठी घेतली होती?’ दुसरा: ‘घरात काही वाद?’ मी पातं सोबत नेलं होतं, पुरावा म्हणून. ते टेबलावर ठेवल्यावर शेजारच्या खुर्चीतला माणूस उठून उभा राहिला. पाऊण तासाने कळलं की प्रकरण आमच्या हद्दीत नाही, कारण पैसे परराज्यातल्या खात्यात गेलेत. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मला घरी आल्यावर समजलं. त्यांना तिथेच माहीत असायला हवं होतं! पार्सलवाले म्हणाले, आम्ही फक्त पोचवतो. आणि जिथे जाहिरात दिसली तिथून चार मिनिटांत उत्तर: ही जाहिरात आमच्या धोरणांचं उल्लंघन करत नाही. चार मिनिटं! सगळ्यांत झटपट काम यांचंच.

त्या साइटवर कंपनीचं नाव-पत्ता नव्हता, नुसता एक मोबाइल नंबर. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव देणं बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. ते नसेल तर पान बंद करा, कुऱ्हाड कितीही देखणी असो. वजन एकूण लिहिलंय की पात्याचं, तेही बघा. नुसतं ‘एकूण’ असेल तर काहीतरी लपवलंय. नेढ्याचा वरून काढलेला फोटो मागा, टाळाटाळ झाली की समजा. खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, मी काढला नाही. आणि नवी कुऱ्हाड पहिल्यांदा चालवताना समोर आणि मागे कुणीही बसलेलं नको. हे मी आधी लिहायला हवं होतं.

काल रात्री तीच जाहिरात पुन्हा आली. दुकानाचं नाव नवं. फोटो तेच, दांड्यावरचा जळका डागसुद्धा तोच. कडकपणा आता ६८ लिहिलाय.