वनटनला ९.००-१६ टायर: नऊ महिने चिखलात आणि घाटात

देवळालीत तोफखान्याचं स्कूल असल्यामुळे नाशिककरांना निसान वनटन, म्हणजे लष्कराची एक टन माल वाहणारी गाडी, काही नवी नाही. लहानपणी हिरव्या गाड्यांची रांग दिसली की आम्ही सायकली थांबवून हात करायचो. तीच गाडी पुढे कधी आपल्या खळ्यात उभी राहील असं वाटलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी मी एका शेतकऱ्याकडून घेतली. त्याच्या आधी ती लष्कराच्या लिलावातून सुटलेली. जबलपूरला बांधलेली, मूळची सहा सिलिंडरची पेट्रोल गाडी, पण आधीच्या मालकाने डिझेल इंजिन बसवून आरसी बुकात चढवलेलं. पेट्रोलवर ही गाडी शेतीसाठी पाळायची म्हणजे दारात हत्ती बांधण्यासारखं.

त्याच मालकाने चाकांवर ७.५०-१६ (साडेसात इंच रुंद, सोळा इंची रिंगचे) टायर चढवले होते. छोट्या मालट्रकांचं माप, कुठेही मिळतं, कुठेही पंक्चर निघतं. बाजारात ‘वनटनचा टायर’ म्हणून ओळखला जातो तो ९.००-१६. म्हणजे मी जे केलं त्याला मोठे टायर बसवणं म्हणा की गाडीला तिचा जोडा परत देणं म्हणा. गरज मात्र खरी होती. आमचं शिवार निफाड तालुक्यात, कादवा नदीच्या बाजूला. पाणंद रस्ता काळ्या मातीचा. टोमॅटोचा हंगाम ऐन पावसात येतो, आणि त्या दिवसांत भरलेले कॅरेट घेऊन डांबरीपर्यंतचं दीड किलोमीटर पार करणं हेच पिंपळगावच्या मार्केटला पोचण्यातलं सगळ्यात अवघड काम. ७.५० वर गाडीचा मधला गोळा (ॲक्सलमधला डिफरन्शियल) चाकोरीमधल्या उंचवट्यावर टेकायचा आणि चाकं जागेवर फिरत बसायची.

पहिली चूक सांगून टाकतो. पैसे वाचवायला जूनमध्ये मी दोनच टायर घेतले आणि मागे टाकले. पुढे जुने ७.५०. भाचा म्हणाला, “मामा, ट्रॅक्टरचं नाही का पुढचं चाक लहान?” मला पटलं. पहिल्या मोठ्या पावसात फोर व्हील (चारही चाकांना इंजिनची ताकद) टाकलं, गाडी चिखलातून निघाली खरी, पण डांबरीवर आल्यावर लिव्हर काही सुटेना. खालून कटकट आवाज. ट्रॅक्टरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांचा फरक धरून त्याचे गिअर बनवलेले असतात, इथे तसं नाही. फोर व्हीलमध्ये पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतो. ७.५०चा व्यास सुमारे ८०५ मिलिमीटर, ९.००चा ८९०. एका फेरीत मागचं चाक पाव मीटरहून जास्त पुढे जातं. चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो, डांबरीवर जायला जागा नसते, मग सगळा पीळ गिअरमध्ये. मिस्त्रींनी मागचं एक चाक जॅकवर उचललं तेव्हा ते गर्रकन फिरलं आणि लिव्हर सुटला. “भाऊ, क्राऊन गेला असता तर टायरच्या तिप्पट खर्च होता,” एवढंच बोलले ते. क्राऊन म्हणजे ॲक्सलमधला मोठा गिअर. आठवड्यात उरलेले तीन घेतले, स्टेपनीसकट.

त्या तिघांतही एक फसला. लष्करी माल विकणाऱ्या एका दुकानातून ‘न वापरलेले’ म्हणून घेतले होते. रबराचे केससुद्धा शाबूत, पाहून जीव खूश. बाजूवरचा चार आकडी कोड मी घरी आल्यावर पाहिला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. एक टायर बारा वर्षांचा निघाला. ऑगस्टमध्ये त्याच्या बाजूला बारीक भेगा आल्या आणि भरल्या गाडीत तो ओझरजवळ फुटला. दुकानदाराने हात वर केले. आता मी टायर घेताना नक्षी नंतर बघतो, कोड आधी.

चिखलातला फरक मात्र वादातीत आहे. चाकाचा मध्य चार सेंटिमीटरच वर गेला, पण आमच्या पाणंदीत गोळा टेकणं आणि न टेकणं यात तेवढंच अंतर होतं. त्याहून मोठा फरक हवेने पडला. भरल्या गाडीला डांबरीवर मी ४५-५० पौंड ठेवतो, शेतात शिरण्याआधी २५ वर आणतो. टायर खाली पसरतो आणि मातीत कमी रुततो. एकदा हावरेपणाने १५ वर आणलं, तर रिंगवर टायर सरकला आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह देठापासून उपटला. ट्यूबच्या टायरमध्ये इतकी हवा काढायची नाही. परत हवा भरायला शेजाऱ्याचा फवारणीचा ब्लोअर चालत नाही, हेही त्याच दिवशी कळलं (हसू नका, संध्याकाळचे सात वाजले होते). छोटा कॉम्प्रेसर घेतला.

रस्त्यावर गाडी बदलली ती वेगळ्याच बाजूने. मोठं चाक म्हणजे गिअर बदलल्यासारखंच. पेट्रोल इंजिनासाठीचा मागचा क्राऊन आणि वर कमी आरपीएमचं डिझेल, यामुळे आधी ५० च्या पुढे इंजिन किंचाळायचं. आता त्याच वेगाला ते निवांत असतं. स्पीडोमीटर ४० दाखवतो तेव्हा गाडी खरी ४४ वर असते. ॲव्हरेज घसरल्याची तक्रार बरेच जण करतात. माझंही कागदावर ६ वरून साडेपाचला आलं. पण किलोमीटरचा काटाच आता दहा टक्के कमी मोजतो, ते जोडलं की आकडा होता तिथेच आहे.

चढाला आणि उताराला याची किंमत मोजावी लागते. नवरात्रात अन्नदानासाठी भाजी घेऊन सप्तशृंगी गडावर गेलो. नांदुरीहून वर चढताना जिथे तिसरा पुरायचा तिथे दुसरा टाकावा लागला. ते चालतं. उतरताना मात्र मी सवयीने तिसऱ्यातच सोडली. इंजिन धरत नव्हतं, ड्रमचे ब्रेक गरम झाले आणि पाय खाली खाली जायला लागला. दुसऱ्यात टाकून, कडेला थांबवून अर्धा तास बसलो. चाक मोठं झालं की तोच ब्रेक कमी लागतो आणि इंजिनही कमी रोखतं. घाटात एक गिअर खालीच, हे आता अंगवळणी पडलंय. ब्रेकचे लायनरही बदलून घेतले.

मडगार्डला टायर घासायचा, तोही दोष टायरचा नव्हता. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) म्हातारे होऊन सपाट झालेले. नाशिकमधल्या द्वारकेच्या बाजूला एका पाटेवाल्याकडे कमान मारून घेतली, एक पाटा नवा टाकला. स्टिअरिंग जड झालं, त्याला इलाज नाही. मार्केटमध्ये गाडी मागे घेताना दंड भरून येतात. नायलॉन टायर असल्यामुळे थंडीत रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिले दोन किलोमीटर चाक चौकोनी असल्यासारखं धडधडतं, मग गोल होतं. रिकामी गाडी ५० पौंडावर चालवली तर रिकामे कॅरेट एकमेकांशी शेकहँड करत येतात, म्हणून परतीला हवा कमी करतो.

कागदांचं विचाराल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याच्या मापांपासून वेगळे बदल करू देत नाही. वनटनच्याच मापाचा टायर असल्यामुळे फिटनेसला माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. यापेक्षा मोठा चढवून फोटो काढायची हौस असेल तर आधी आरटीओत विचारा.

पाच टायर, ट्यूब, फ्लॅप, पाटे, लायनर धरून लाखाच्या वर गेले. फक्त डांबरीवर चालणारी गाडी असेल तर मी हे केलं नसतं. आमच्या पाणंदीसाठी पुन्हा करेन, फक्त पाचही एकदम. आणि एक राहिलंच. ही स्टेपनी एकट्याने चढत नाही. ओझरला ती उचलायला ढाब्यावरचा पोरगा धावून आला म्हणून निभावलं. तेव्हापासून मार्केटला निघताना भाच्याला झोपेतून उठवून शेजारी बसवतो, तो कितीही कुरकुरला तरी.