हेब्रुक लुकआउट: गुडघे धड असतील तर जरूर जा

सिअ‍ॅटलला लेकीकडे गेलेल्या ठाणेकरांना सहसा स्पेस नीडल, ट्युलिपचे मळे आणि कॉस्टको एवढंच दाखवतात. मला जावयाने वणव्यावर नजर ठेवायच्या मनोऱ्यावर झोपायला नेलं. सकाळचं चालणं ठाण्याच्या येऊरच्या जंगलात असल्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर वनखात्याची माणसं जाळरेषा (वणवा पुढे सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढताना मी नेहमी बघते. त्यामुळे मला या प्रकाराचं अप्रूप जरा जास्तच. माझं कौतुक तेवढं वजा करून वाचा.

हा मनोरा इंडेक्स गावाजवळ, हायवे २ च्या कडेच्या डोंगरावर आहे. गाडी खाली लावायची आणि साधारण मैलभर चढायचं. मैलच ना, म्हणून हसू नका, चढ चांगला खडा आहे. सावली मात्र दाट, आणि दगड-खोडं सगळी शेवाळाने मढलेली. आमचे हे गुडघ्यांमुळे घरीच थांबले, ते बरंच झालं. कारण डोंगर संपला की ६७ फुटी मनोऱ्याचा जिना सुरू होतो. पाठीवर पाणी, अंथरूण, खाणं सगळं आपणच वाहायचं. वर नळ नाही, खालून कुणी काही आणून देणार नाही. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं लोणचं नेलं होतं. त्या उंचीवर त्याला तोड नाही.

वर १४ बाय १४ फुटांची खोली, चारी बाजूंनी काचा. समोर माउंट इंडेक्सचा काळा सरळसोट कडा, त्याच्या अंगाखांद्यावरून उतरणारा ब्रायडल व्हेल धबधबा, खाली स्कायकोमिश नदीचं खोरं. भिंतच नाही म्हटल्यावर पाठ कुणाकडे करायची हेच कळत नाही. बसल्या जागी माणूस आपोआप मान फिरवत राहतो. आणि नेमकं तेवढ्यासाठीच तर ही खोली बांधलीय.

१९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो, मोंटाना आणि वॉशिंग्टनमध्ये दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जंगल जळालं. त्यानंतर अमेरिकेच्या वनखात्याने शिखराशिखरांवर असे मनोरे उभारायचा सपाटा लावला. आत एक माणूस अख्खा उन्हाळा एकटा राहायचा. मधोमध गोल नकाशा, त्यावर फिरणारी नेमपट्टी, तिला म्हणतात ऑस्बोर्न फायर फाइंडर. धूर दिसला की पट्टी त्या दिशेला लावायची, अंश वाचायचे आणि कळवायचे. दुसऱ्या शिखरावरच्या माणसानेही तेच करायचं. दोन रेघा जिथे छेदतात तिथे आग. विजा चमकायला लागल्या की गडी काचेच्या पायांच्या स्टुलावर चढून उभा राहायचा! जावयाने हे सांगितल्यावर मी आधी आभाळाकडे बघून घेतलं.

हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल, तर इंडेक्सवरून पुढे स्कायकोमिशकडे गाडीने जा. २०२२ च्या सप्टेंबरात बोल्ट क्रीकच्या वणव्यात इथली १४,००० एकरांहून जास्त झाडी जळाली आणि हा हायवेच बंद करावा लागला होता. (आपल्याकडे वणवा हेरायचं काम ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या विसाव्या मजल्यावरचे लोक करतात. येऊरला रात्री लाल रेघ दिसली की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला फोटो त्यांचाच.)

आता तक्रारी. शांतता हवी असेल तर इथे येऊ नका. खाली हायवे आणि त्याच्याबरोबरीने रेल्वे, मालगाड्या रात्रभर भोंगे वाजवत जातात. लेक कूस बदलत होती. मी स्टेशनजवळ वाढलेली, मला उलट छान झोप लागली. दिवसा फिरायला येणारे लोक खालच्या गच्चीपर्यंत चढतात, त्यामुळे अंधार पडेपर्यंत खोली पूर्ण आपली वाटत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर संडास नाही. मध्यरात्री उठायचं तर बॅटरी घेऊन अख्खा जिना उतरायचा, पुन्हा चढायचा. संध्याकाळी सातनंतर मी पाण्याला हात लावला नाही. वारा सुटला की खोली किंचित करकरते, भित्र्या माणसाने हे आधीच ऐकून ठेवावं. आणि पहाटे उजेड चारी बाजूंनी एकदम आत येतो, आठपर्यंत लोळायची सोय नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. लहान मुलं असतील तर मी नेणार नाही. साठीच्या पुढचे, पण रोज चालणारे, यांनी काठी घेऊन बिनधास्त जावं.

आरक्षण सरकारी साइटवर, रिक्रिएशन डॉट गव्हवर होतं आणि शनिवार-रविवार गणपतीतल्या कोकणच्या गाडीसारखे उडतात. आम्हाला मधला वार मिळाला, तोही जावई टपून बसला होता म्हणून. तेव्हा आधी मुलांना मनोऱ्याची तारीख बघायला सांगा, विमानाचं तिकीट मागाहून काढा.